द्राक्षाचा हंगाम आणि दहावीची परीक्षा: पेठ रोडवरच्या एका ताईंचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकच्या पेठ रोड भागात राहणाऱ्या एका बाईंचे आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि कामाचे ठिकाण देत नाही. इथे त्यांना नुसते ताई म्हणते. माहेर सुरगाणा तालुक्यातले, वय चौतिशीच्या आसपास. नववीपर्यंत आश्रमशाळेत शिकल्या, दहावीच्या वर्षी लग्न ठरले आणि दप्तर कायमचे सुटले. मिस्टर रिक्षा चालवतात, घरात सासूबाई, मुलगी सातवीत आणि मुलगा तिसरीत.

जानेवारी ते एप्रिल त्या दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये जातात. घड हातात घ्यायचा, लहान कात्रीने खराब आणि बारीक मणी काढायचे, पाचशे ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यात भरायचा, दहा पनेटची पेटी करायची. आत गारठा, सगळे काम उभ्याने, आणि माल जास्त आला की घरी परतायला रात्रीचे दहा वाजतात. हंगाम संपला की भाजीपाल्याची निवड, कुणाकडे धुणीभांडी, जे मिळेल ते.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची नोंद अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणक यंत्रणेत होते. कोणत्या बागेतला माल कोणत्या पेटीत गेला, हे मागे जाऊन शोधता यावे म्हणून ही नोंद लागते. पॅकहाऊसमधल्या नोंदीच्या टेबलावर एक तरुण मुलगा बसत असे. प्लॉटचे नंबर आणि आदल्या दिवशी कुणाचा किती माल उणा गेला हे तो ताईंनाच विचारायचा, कारण त्यांना ते तोंडपाठ असे. तो मुलगा काम सोडून जाणार असे कळल्यावर ताईंनी सुपरवायझरला विचारले, "हे काम मी केलं तर?" उत्तर सरळ होते: दहावीची मार्कशीट आणि थोडेफार कॉम्प्युटर. मार्कशीट नसेल तर ऑफिस नाव पुढे पाठवत नाही.

आमच्या वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासगटात ताई आल्या त्या जूनच्या सुरुवातीला. दहावी करायची, एवढे त्यांचे ठरलेले होते. ती कशी करायची हे मात्र त्यांना दहा जणांनी दहा प्रकारे सांगितले होते.

अडचण नेमकी कुठे होती

पहिली अडचण वेळेची. राज्य मंडळाची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि नाशिकचा द्राक्षहंगाम त्याच वेळी ऐन भरात असतो. ताईंच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा हिस्सा याच दिवसांतला. मुलांची फी, किराणा दुकानातली उधारी, गावाकडचे देणे, सगळे त्यातून भागते. परीक्षेसाठी हंगाम सोडा हे सांगणे सोपे आहे, पण ज्या घरात तो पैसा मोजून ठेवलेला असतो तिथे या सल्ल्याचा उपयोग नाही.

दुसरी अडचण कागदांची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि जून महिन्यातली जन्मतारीख. आधार कार्डावर सासरचे नाव आणि जन्मतारीख १ जानेवारी. आधार काढताना तारीख नक्की सांगता आली नाही की १ जानेवारी टाकली जायची. आमच्या गटातल्या कितीतरी बायकांच्या आधारवर हीच तारीख आहे.

तिसरी अडचण आम्हाला पहिल्या आठवड्यात दिसली आणि सगळ्यात जास्त काम तिच्यावरच करावे लागले. ताईंना येत होते, पण लिहिता येत नव्हते. मी विचारले, चाळीस क्रेटपैकी तीन क्रेट माल उणा गेला तर किती टक्के? त्या लगेच म्हणाल्या, "साडेसात." तेच गणित वहीत मांडायला सांगितले तर पेन कागदावर टेकवून बसून राहिल्या. मग ३ लिहिले, खोडले, ४० लिहिले, आणि वही माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "मॅडम, हे डोक्यातच होतं, कागदावर नाही येत." मराठीच्या उताऱ्याचेही तसेच. वाचून अर्थ अगदी नेमका सांगत, पण उत्तर लिहायला बसल्या की चार ओळींत हात दुखायचा. इतक्या वर्षांत सही आणि बचत गटाच्या नोंदी यापलीकडे त्यांनी काही लिहिलेच नव्हते.

"बेसिक कच्चं आहे" असा शेरा मारून अशा बाईला पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात करायला लावतात, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहे. न येणे आणि लिहिता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची तयारीही वेगळी असते. ज्या बाईला टक्केवारी येते तिला पुन्हा बेरजा-वजाबाक्यांत बसवले, तर महिन्याभरात ती यायची बंद होते.

समोर असलेले पर्याय

*सतरा नंबरचा फॉर्म.* राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्याचा हा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या चार जिल्ह्यांसाठी मंडळाचे विभागीय कार्यालय नाशिकमध्येच आहे. बालभारतीची पुस्तके सहज मिळतात, जुन्या प्रश्नपत्रिका घरोघरी पडलेल्या असतात, शेजारचा दहावीतला मुलगाही अडलेले सांगू शकतो. "बोर्डाची दहावी" म्हटले की कुणी शंका घेत नाही, हाही मोठा फायदा. पण तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे असा सगळा डोंगर एकाच वेळी, आणि तोही हंगामात. राहिलेल्या विषयांसाठी जून-जुलैची पुरवणी परीक्षा असते. "मार्चमध्ये नुसतं बसायचं, खरा अभ्यास जुलैसाठी करायचा" असा सल्ला ताईंना कुणीतरी दिला होता. एकदा नापासाचा शिक्का बसला की या वयात पुन्हा पेन हातात धरायला फार धीर लागतो, म्हणून तो सल्ला मला पटला नाही.

*एनआयओएस.* म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ मध्ये नॅशनल ओपन स्कूल म्हणून ती सुरू झाली आणि २००२ मध्ये आजचे नाव मिळाले. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालचे हे मंडळ आहे आणि त्याची दहावी इतर मान्यताप्राप्त मंडळांच्या दहावीसारखीच धरली जाते. किमान पाच विषय, त्यात एक भाषा हवीच. मराठी माध्यम आहे. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. सर्वांत कामाची गोष्ट ही की एका वेळी सगळे विषय द्यावे लागत नाहीत. तयार असतील तेवढे द्यायचे, पास झालेल्या विषयांचे गुण जमा राहतात.

*राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ.* शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा टप्प्यांवर परीक्षा घेणारे हे मंडळ. ज्यांची शाळा चौथी-पाचवीत सुटली त्यांच्यासाठी आम्ही याच रस्त्याचा विचार आधी करतो. ताईंची नववी झालेली होती, त्यामुळे यावर फार वेळ घालवला नाही.

*मुक्त विद्यापीठ.* यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकचेच, तेही १९८९ चे, गंगापूर धरणाच्या रस्त्याला. त्यामुळे "दहावी-बारावी कशाला, पूर्वतयारी करून थेट बीए करा" हा सल्ला इथे प्रत्येकाला मिळतो. पूर्वतयारी शिक्षणक्रमाने हजारो लोकांना पदवीचे दार उघडून दिले आहे, पण तो दार आहे पदवीचे. जिथे दहावीची मार्कशीट मागतात तिथे त्या जागी पूर्वतयारीचे प्रमाणपत्र चालेल असे धरून चालता येत नाही. ताईंना तर मार्कशीटच हवी होती.

*एजंट.* हाही पर्याय म्हणून समोर आलेला होता, म्हणून लिहिते. ताईंच्या ओळखीतल्या एकीला "दोन महिन्यांत दहावी, पेपरची काळजी नको" असे सांगून एकाने मोठी रक्कम मागितली होती. मंडळाचे नाव विचारल्यावर तो धड सांगेना. अशा वेळी एकच करायचे: मंडळाचे पूर्ण नाव लिहून घ्यायचे, ते मान्यताप्राप्त मंडळांच्या यादीत आहे का ते स्वतः तपासायचे, आणि प्रवेशाची फी फक्त मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायची. परीक्षा न देता मिळालेली मार्कशीट पडताळणीत उघडी पडते, आणि मग नोकरी तर जातेच, वर पोलिसांचा ससेमिराही लागतो.

निर्णय

एनआयओएस ठरले ते मुख्यतः तारखांमुळे. तरी ताईंच्या मिस्टरांना खात्री हवी होती. "उद्या ऑफिसवाले म्हणाले की हे बोर्ड चालत नाही, तर?" त्यांची शंका रास्त होती. म्हणून फी भरण्याआधी ताईंनी पॅकहाऊसच्या ऑफिसात जाऊन मंडळाचे नाव दाखवले आणि चालेल का ते विचारून घेतले. चालेल म्हणाले. तोंडीच म्हणाले, पण मिस्टरांचे समाधान झाले आणि त्यानंतर घरातून कधी आडकाठी आली नाही.

पुढचा प्रश्न विषयांचा, आणि इथे आमच्यात मतभेद झाले. मराठी, गृहविज्ञान आणि डेटा एन्ट्री ऑपरेशन्स हे तीन विषय लगेच ठरले. डेटा एन्ट्री तर ताईंना हव्या असलेल्या कामाचाच विषय. सामाजिक विज्ञानाचे पुस्तक जाड आहे, पण वाचायची आवड होती म्हणून तेही घेतले. पाचवा विषय हिंदी घ्यावा असे गटातल्या एका शिक्षकांचे म्हणणे होते. हिंदी समजते, बोलता येते, पास होणे नक्की. माझे मत गणिताच्या बाजूने होते. दहावीला गणित आणि विज्ञान नसेल तर आयटीआयचे बरेच ट्रेड बंद होतात. ताईंना तिकडे जायचे नव्हते, पण आज जायचे नाही म्हणून उद्याही नाही असे कसे म्हणणार? विज्ञान मात्र मीही आग्रहाने सुचवले नाही, कारण हंगामावर चालणाऱ्या आयुष्यात दोन अवघड विषय एकदम पेलवणार नव्हते.

शेवटी ताईंनीच ठरवले. म्हणाल्या, "गणितच घेते. पोरगी विचारते तेव्हा सांगता आलं पाहिजे." पुढच्या दोन-सव्वादोन वर्षांत गणिताने त्यांना बराच त्रास दिला, तरी विषय बदलायचे नाव त्यांनी काढले नाही.

कागदांचा निर्णयही याच काळात घ्यावा लागला. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाईने काही भरायचे नाही असे ठरवले. गावच्या ग्रामपंचायतीत जन्माची नोंद सापडली आणि तिच्यावरची तारीख शाळेच्या दाखल्याशी जुळली. तो जन्मदाखला घेऊन आधारवरची तारीख दुरुस्त केली. नाव सासरचेच ठेवले, कारण बँक, रेशन आणि पीएफ सगळे त्याच नावावर. दाखल्यावरच्या नावाशी त्याचा दुवा लागावा म्हणून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि नाव बदलाची राजपत्रातली नोंद असे दोन्ही कागद करून ठेवले. यात जुलै बहुतेक सगळा गेला आणि प्रवेशाचा अर्ज मुदतीच्या अगदी तोंडावर भरला गेला.

तयारी कशी झाली

ऑगस्ट ते डिसेंबर हा ताईंचा अभ्यासाचा खरा काळ. आम्ही पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केले नाही. सुरुवातीला रोज एकच काम, एक पान लिहायचे. काय लिहायचे याला बंधन नव्हते. ताईंनी पहिल्या दिवसांत पॅकहाऊसमधला दिवस लिहिला, मग गावची जत्रा, मग सासूबाईंनी सांगितलेली गोष्ट. दिवाळीपर्यंत हात सुटला. त्यानंतरच घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला घेतल्या.

एनआयओएसमध्ये प्रत्येक विषयाचे गृहकार्य असते, त्याला टीएमए म्हणतात आणि त्याला २० टक्के वजन असते. बाजारात तयार टीएमए विकत मिळतात. गटातल्या दोघीतिघींनी ते घेतले होते आणि ताईंनाही ते पाहून उतरवायचा मोह झाला होता, कारण मुदत जवळ आली होती. मी त्यांना एवढेच म्हटले की नुसते उतरवले तर गुण मिळतील, पण परीक्षेत तीन तास लिहायचा सराव कुठे होणार? त्यांनी पाचही विषयांचे टीएमए स्वतः लिहिले. काही उत्तरे अपुरी राहिली. पण गृहविज्ञानात आहाराचे उत्तर लिहिताना त्यांनी नागलीची भाकरी, उडदाचे भुजे आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या घेऊन दिवसाचा आहार मांडला. पुस्तकातला तक्ता पाठ केला असता तर हे उत्तर आलेच नसते.

जानेवारीत हंगाम सुरू झाला. या तीन-चार महिन्यांत अभ्यास सुरू ठेवायचा की सरळ बंद करायचा? रोज तासभर बसायचे असे आधी ठरले होते, पण आठवड्याभरातच ते मोडले. दिवसभर उभे राहून आलेल्या बाईला रात्री वही उघडायला सांगण्यात अर्थ नव्हता. मार्ग काढला तो मुलीने. सामाजिक विज्ञानाचे धडे ती मोठ्याने वाचून आईच्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड करू लागली. पॅकहाऊसच्या गाडीत जाता-येता ताई ते कानाला लावून ऐकत. लिहिणे त्या काळात पूर्ण थांबले, आणि आम्ही ते थांबू दिले.

काय घडले

पहिली परीक्षा एप्रिल-मेमध्ये. पाचही विषय भरायचे की निवडक? मराठी आणि गृहविज्ञान एवढेच भरले. हंगामाचा शेवटचा आठवडा ताईंनी सोडला, म्हणजे काही मजुरी बुडालीच. दोन्ही विषयांत चांगल्या गुणांनी पास झाल्या. निकाल मोबाइलवर पाहिल्यावर सासूबाईंनी विचारले, "आता उरले किती?" घरातला हिशोब तिथून बदलला. तोपर्यंत अभ्यास हा ताईंचा एकटीचा विषय होता, नंतर संध्याकाळचा स्वयंपाक सासूबाईंनी आपणहून हातात घेतला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला उरलेले तिन्ही विषय भरले. डेटा एन्ट्रीत प्रात्यक्षिकाचा मोठा वाटा असतो. त्यासाठी ताई रविवारी ओळखीच्या एका सायबर कॅफेत सराव करत. तो विषय आणि सामाजिक विज्ञान निघाले, गणित राहिले. उत्तरपत्रिकेत काय झाले ते ताईंनी स्वतःच नेमके सांगितले: बीजगणिताच्या पहिल्याच प्रश्नात अडकल्या, त्यात बराच वेळ गेला आणि व्याज, नफा-तोटा, सांख्यिकी हे हातखंडा असलेले प्रश्न शेवटी घाईत सोडवले गेले.

पुढच्या एप्रिलची संधी त्यांनी घेतली नाही. हंगाम जोरात होता आणि एकाच विषयासाठी पुन्हा मजुरी बुडवायची नव्हती. मला वाटले, आता हे राहणार. पण पावसाळ्यात त्या पुन्हा आल्या. या वेळी आम्ही क्रम उलटा केला. आधी व्यावहारिक गणित, मग सांख्यिकी, मग क्षेत्रफळ-घनफळ, आणि बीजगणित सर्वांत शेवटी. पेपरमध्येही याच क्रमाने सोडवायचे. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला गणित सुटले.

नोंदीच्या टेबलावरची जागा मात्र तोवर भरली गेली होती. ताई त्या हंगामात पुन्हा पॅकिंगलाच उभ्या राहिल्या. त्याच्या पुढच्या हंगामात लेबल आणि वजनाच्या नोंदीचे काम त्यांना मिळाले, अजून तरी हंगामापुरतेच. मजुरी थोडी वाढली आणि बसून काम करता येऊ लागले.

पुन्हा असेच प्रकरण आले तर

कागद सर्वांत आधी. प्रवेशाच्या खिडकीची वाट न पाहता दाखला, आधार आणि नावाचे दुवे तीन-चार महिने आधीच तपासायला घ्यावेत. ताईंची ग्रामपंचायतीतली नोंद सापडली म्हणून वर्ष वाचले. तशी नोंद नसलेल्या बायकांना यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

नोकरीसाठी दहावी करायची असेल तर नोकरी देणाऱ्याकडून एक ओळ लिहून घ्यावी: कोणते मंडळ चालेल, कोणते विषय हवेत, आणि जागा किती दिवस थांबेल. या प्रकरणात पहिल्या प्रश्नाचे उत्तर तोंडी मिळाले होते, तिसरा विचारलाच गेला नव्हता. विचारला असता तर ताईंनी कदाचित एप्रिलमध्येच डेटा एन्ट्री भरली असती आणि तेवढ्या जोरावर जागेसाठी बोलता आले असते.

गणितासारखा विषय एकट्याने एका परीक्षेला ठेवावा. तीन विषयांत तो शेवटचा येतो आणि उरलेल्या वेळात ढकलला जातो. आता आमच्या गटात गणित घेणाऱ्या प्रत्येकीला आम्ही व्यावहारिक गणितापासून सुरुवात करून देतो. ज्या बाईने आयुष्यभर मजुरीचा, बचत गटाच्या व्याजाचा आणि वजनकाट्याचा हिशोब केला आहे तिचे अर्धे गणित तयारच असते, तिला फक्त पायऱ्या लिहायला शिकवायचे असते.

विषय निवडीचा प्रश्न अजून माझ्या मनात मिटलेला नाही. हिंदी घेतली असती तर ताई वर्षभर आधी पास झाल्या असत्या आणि टेबलावरची ती जागा बहुधा त्यांनाच मिळाली असती. हे मी ताईंना विचारले आहे. त्यांचे म्हणणे, जागा पुन्हा निघेल. मुलगी आता दहावीत आहे आणि रात्री दोघी एकत्र गणिताला बसतात.

बारावीसाठी ताईंनी एनआयओएसचीच चौकशी केली आहे. दहावी आणि बारावी यांच्यात ठरावीक अंतर ठेवावे लागते, ते मोजून यंदाच्या पावसाळ्यात प्रवेश घ्यायचा विचार आहे. लेखाशास्त्र घ्यायचे त्यांच्या मनात आहे. पाच विषय कोणत्या दोन-तीन परीक्षांत वाटून द्यायचे, याचा कच्चा आराखडा त्यांनी या वेळी स्वतःच करून आणला. जानेवारी ते एप्रिल हे रकाने त्यात कोरे ठेवलेले आहेत.